नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही

नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: "रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतला. रूममेटनं पेनड्राइव्हवरून नवीन विंडोज ११ टाकून दिलं, नेट मागणारा टप्पाही त्यानं काहीतरी करून ओलांडला. आता वायफायचं चिन्हच दिसत नाही. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नाही, रूमवर दुसरा कॉम्प्युटर नाही. कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलखाली वायफायचे तीन वेगवेगळे ड्रायव्हर आहेत. त्यातला एक मित्राकडून पेनड्राइव्हवर आणला, तर तो 'असं डिव्हाइस सापडलं नाही' म्हणून बंद पडला. एक दुकानदार लॅपटॉप उघडायच्या आधीच सातशे रुपये म्हणाला. रूममेट म्हणतो उबंटू टाक, त्यात ड्रायव्हर लागतच नाहीत. काय करू?"

वाऱ्यानं लॅचचं दार ओढलं गेलं, किल्ली आत टेबलावर आणि आपण जिन्यात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यावर ही वेळ एकदा तरी येतेच. तुमचं तेच झालंय. अशा वेळी दार फोडत नाहीत, शेजारच्यांच्या गॅलरीतून आत जातात. तुमच्या बाबतीत ती गॅलरी म्हणजे खिशातला फोन.

फोन अँड्रॉइड असेल तर चार्जिंगची केबल काढा आणि फोन लॅपटॉपला जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' असा पर्याय असतो. केबल लागेपर्यंत तो फिकट दिसतो, दाबला जात नाही, म्हणून बरेच जण 'आपल्या फोनमध्ये हे नाही' असं समजून सोडून देतात. केबल लावून तो चालू करा. दहा-पंधरा सेकंदांत लॅपटॉपच्या खालच्या कोपऱ्यात वायरच्या नेटचं चिन्ह येईल. लॅपटॉपला तुमचा फोन म्हणजे एक वायरचं नेटवर्क कार्ड वाटतं आणि त्याला लागणारा ड्रायव्हर (ते कार्ड कसं चालवायचं हे विंडोजला सांगणारा छोटा प्रोग्रॅम) विंडोजमध्ये पहिल्यापासून असतो. नेहमीच्या हॉटस्पॉटचा इथे उपयोग नाही. तो वायफायवरूनच येतो, आणि तेच तर बंद आहे. ब्लूटूथवरून नेट घ्यायची कल्पनाही सुचते लोकांना, पण लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ बहुधा त्याच कार्डावर असतं, म्हणजे एक आजारी तर दुसराही अंथरुणात.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. फोन त्या वेळी मालकांच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच वायफाय केबलमधून पुढे लॅपटॉपला देतात. तसंच करा, मोबाइल डेटा बंद ठेवा. कारण विंडोजला हे वायरचं नेट वाटतं, वायरचं म्हणजे फुकटचं असा त्याचा समज, आणि नव्यानं टाकलेलं विंडोज नेट दिसताक्षणी पाठीमागे अपडेट ओढायला लागतं. काही शे एमबीचा एकेक अपडेट. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर ड्रायव्हर यायच्या आत पॅक संपतो. माझ्यासमोर एका मुलीचा असा दोनदा संपलाय, दुसऱ्या वेळी बाबांच्या फोनवरचा.

नेट आलं की सेटिंगमध्ये विंडोज अपडेट उघडून 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. वायफायचा ड्रायव्हर बहुतेक वेळा आपोआप उतरतो. नाही उतरला तर तिथेच ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'ऑप्शनल अपडेट्स' आहे, त्याच्या पोटात 'ड्रायव्हर अपडेट्स'. तिथे टिक करून घ्यावं लागतं. बहुतेकांचं काम इथेच होतं आणि पुढचं वाचायची गरज उरत नाही.

जमलं नाही तर तीन गोष्टी तपासा. एक, केबल. बऱ्याच स्वस्त केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. फोन जोडल्यावर 'फाइल ट्रान्सफर' विचारत नसेल तर आधी केबल बदला. दोन, फोन आयफोन असेल तर विंडोजला ॲपलचा वेगळा ड्रायव्हर लागतो. तो नवीन विंडोजमध्ये नसतो, म्हणजे पुन्हा तेच दार आणि तीच किल्ली. कॉट बेसिसच्या खोलीत कुणाचा तरी अँड्रॉइड असतोच, अर्ध्या तासासाठी मागून घ्या. तीन, तारीख. रिफर्बिश्ड लॅपटॉपमध्ये आतला बटण-सेल कधीकधी संपलेला असतो, मग घड्याळ पाच-सात वर्षं मागे जातं. नेट आलेलं असतं, पण प्रत्येक साइट सर्टिफिकेटची तक्रार करते आणि अपडेटही चालत नाही. माणूस ड्रायव्हरला शिव्या देत बसतो आणि दोष असतो घड्याळात. तारीख हातानं बरोबर केली की चालतं.

आता तुमच्या प्रश्नातली मला खरी महत्त्वाची वाटलेली गोष्ट: एका मॉडेलला तीन ड्रायव्हर का?

कारण वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉपचा नसतो. आतल्या छोट्या कार्डावर जी चिप आहे तिचा असतो. लॅपटॉप बनवणारी कंपनी ही कार्डं बाहेरून घेते. एकाच मॉडेलच्या एका खेपेत इंटेलचं कार्ड, दुसऱ्या खेपेत रियलटेकचं, तिसऱ्या खेपेत मीडियाटेकचं. साइटवर तिन्ही ठेवतात, कारण तुमच्या हातात कुठली खेप आली हे त्या पानाला ठाऊक नसतं. आणि लॅपटॉप रिफर्बिश्ड असेल तर मधल्या कुणीतरी कार्ड बदललेलंही असू शकतं. त्यामुळे मॉडेल नंबर टाकून शोधत बसू नका, कार्डालाच नाव विचारा. ते सांगतं. ड्रायव्हर नसला तरी सांगतं.

विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'अदर डिव्हायसेस' खाली पिवळा त्रिकोण लागलेलं 'नेटवर्क कंट्रोलर' दिसेल. तेच तुमचं वायफाय. 'इथरनेट कंट्रोलर' दिसलं तर ते वायरचं, त्याच्या नादी लागू नका. नेटवर्क कंट्रोलरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज. पहिल्या पानावर 'कोड २८' असेल, म्हणजे ड्रायव्हर नाही एवढंच. वरच्या 'डीटेल्स' टॅबवर जा, खाली उघडणाऱ्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. चार-सहा लांबलचक ओळी येतील. घाबरू नका, त्यातले फक्त दोन तुकडे कामाचे: व्हीईएन पुढची चार अक्षरं आणि डीईव्ही पुढची चार. पहिली चार म्हणजे चिप कुणाची, दुसरी चार म्हणजे कुठली. घराणं आणि नाव.

घराणी मोजकीच आहेत. ८०८६ असेल तर इंटेल. इंटेलनं १९७८ साली काढलेल्या प्रोसेसरचा हाच नंबर होता, तो त्यांनी घराण्याची खूण म्हणून लावलाय. मला दर वेळी गंमत वाटते. १०ईसी म्हणजे रियलटेक. १४सी३ मीडियाटेक. १६८सी म्हणजे जुनं अथेरॉस, जे पुढे क्वालकॉमकडे गेलं. १४ई४ ब्रॉडकॉम, जुन्या मॅकबुकमध्ये हमखास. डीईव्हीची उदाहरणं सांगायची तर १०ईसी पुढे बी८५२ आलं तर रियलटेकचं ८८५२बीई, सी८२१ आलं तर ८८२१सीई. ८०८६ पुढे २७२३ म्हणजे इंटेल एएक्स२००, २७२५ म्हणजे एएक्स२१०. ही पूर्ण ओळ फोननं फोटो काढून ठेवा. तुमचं काय निघतं ते मला इथून दिसत नाही, पण मित्राकडून आणलेला ड्रायव्हर 'डिव्हाइस सापडलं नाही' म्हणाला याचा अर्थ बहुधा तो नीट होता, फक्त दुसऱ्या कार्डाचा होता.

आता टेदरिंग काही केल्या होत नाही असं धरून चालू. फाइल तरीही फोनवरच उतरवायची, दुसऱ्या कॉम्प्युटरची वाट बघायची गरज नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉप कंपनीचं तेच पान उघडा, तिघांतला तुमच्या घराण्याचा ड्रायव्हर डाउनलोड करा. फोनवर ती फाइल चालणार नाही, पण उतरेल ना! मग केबल लावून फोन 'फाइल ट्रान्सफर'वर ठेवा. लॅपटॉपमध्ये तो पेनड्राइव्हसारखा दिसतो, डाउनलोड फोल्डरमधून फाइल कॉपी करून घ्या. पेनड्राइव्हचाही खर्च नाही.

उतरवताना फाइलचा आकार बघा. दोन-तीन एमबीची असेल तर तो ड्रायव्हर नसून ड्रायव्हर आणायला निघालेला पोऱ्या आहे. उघडल्यावर तो स्वतःच नेट मागतो. 'तुमचा लॅपटॉप आपोआप ओळखतो' म्हणणारे असिस्टंटही त्यातलेच. पूर्ण पॅकेज घ्या. इंटेलच्या साइटवर मोठ्या ऑफिसांतल्या आयटीवाल्यांसाठी वेगळी झिप फाइल असते, मी तीच घेतो. त्यात फालतू काही नसतं, उघडली की सरळ ड्रायव्हर. सोबत सेव्हन-झिप हे गुंडाळलेल्या फाइली उलगडणारं सॉफ्टवेअरही फोनवर उतरवून घ्या, दोनेक एमबीचं आहे, पुढे लागेल.

सेटअप चालवून काम झालं तर उत्तम. नाही झालं तर पॅकेज सेव्हन-झिपनं उलगडा आणि आत काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ही पाच मिनिटांची सवय लागली की ड्रायव्हरची भीती कायमची जाते. आत तीन प्रकारच्या फाइली महत्त्वाच्या: .एसवायएस हा खरा ड्रायव्हर, .सीएटी म्हणजे त्यावरची सही-शिक्का, आणि .आयएनएफ म्हणजे पत्रिका. पत्रिका साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. कंट्रोल आणि एफ दाबून तुमची डीईव्हीची चार अक्षरं शोधा. सापडली तर स्थळ जुळलं. नाही सापडली तर तो ड्रायव्हर तुमचा नाही, शंभर वेळा सेटअप चालवलं तरी नाही. मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ चार दिवस एकच सेटअप पुन्हा पुन्हा चालवून माझ्याकडे आले होते. प्रत्येक वेळी आधी रीस्टार्ट, मग नमस्कार, मग सेटअप. नोटपॅड उघडून दाखवलं, त्या फाइलीत त्यांच्या कार्डाचं नावच नव्हतं. ते माझ्याकडे न बघता नोटपॅडकडेच बघत म्हणाले, "हे मला आधी कुणी दाखवलं का नाही?"

स्थळ जुळलं की पुन्हा डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क कंट्रोलरवर उजवी क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', त्यातला दुसरा पर्याय, 'ब्राउझ माय कॉम्प्युटर'. उलगडलेलं फोल्डर दाखवा आणि खाली 'इनक्लूड सबफोल्डर्स'ची टिक राहू द्या. आतल्या नेमक्या फोल्डरपर्यंत जायची गरज नाही, विंडोज स्वतः धुंडाळतं.

कंपनीच्या पानावर तुमच्या घराण्याचा ड्रायव्हरच नसेल, कार्ड बदललेल्या लॅपटॉपमध्ये तसं होतं, तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग नावाची साइट आहे. विंडोज अपडेट जिथून ड्रायव्हर वाटतं तेच कोठार, पण खिडकी उघडी. शोधायच्या चौकटीत हार्डवेअर आयडीची डीईव्हीपर्यंतची ओळ जशीच्या तशी टाका. यादी येते, त्यातला तुमच्या विंडोजचा आणि ताज्या तारखेचा घ्या. ६४ बिटचा आहे ना बघा. फाइल .सीएबी मिळते, ती सेव्हन-झिपनं उलगडा आणि वरचीच रीत. साइट दिसायला रुक्ष आहे, फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात, पण जिथे डोळे मिटून भरवसा ठेवावा अशा थोड्या जागांपैकी ही आहे.

याउलट 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या वाटेवरच्या सॉफ्टवेअरपासून लांब राहा. मीही सुरुवातीच्या वर्षांत एक वापरलं होतं. वायफाय चालू झालं, सोबत दोन अनोळखी ब्राउझर आणि एक अँटिव्हायरस आला, आणि गिऱ्हाईक संध्याकाळी परत आलं. वायफाय चालू करायचे पैसे घेतले होते, बाकीचं काढायला रात्रीचे साडेनऊ झाले, ते फुकट.

नेट, फोन, पेनड्राइव्ह काहीही नसताना चालणारी एक युक्ती आहे आणि ती तुमच्या लॅपटॉपला लागू पडण्याची बऱ्यापैकी शक्यता आहे. रूममेटनं विंडोज टाकताना पार्टिशन फॉरमॅट न करता तसंच वर टाकलं असेल, तर सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज.ओल्ड' नावाचं फोल्डर असेल. ते म्हणजे जुनं विंडोज, गुंडाळून ठेवलेलं. त्यात वायफाय चालत होतं ना? मग ड्रायव्हर त्यातच आहे. 'ब्राउझ माय कॉम्प्युटर'मध्ये त्या फोल्डरच्या आतलं विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हरस्टोअर, त्यात फाइलरिपॉझिटरी एवढं दाखवा. दोन-तीन मिनिटं चाळत बसेल आणि उचलेल. म्हणून जागा मोकळी करायच्या उत्साहात विंडोज.ओल्ड आधीच उडवू नका. तुम्ही विद्यार्थी, डिस्क छोटी असणार, कुणीतरी तो सल्ला देणारच.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोणच नाही, नेटवर्क कंट्रोलर नावाची ओळच नाही, तर ड्रायव्हर शोधणं लगेच थांबवा. विंडोजला कार्डच दिसत नाहीये. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, वायरलेस बंद केलंय का बघा. नंतर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा आणि पुन्हा चालू करा. हे जादूटोण्यासारखं वाटतं, पण अडकून बसलेली इंटेलची कार्डं यानं जागी होताना मी पुष्कळदा पाहिली आहेत. बॅटरी बाहेरून निघत नसेल तरी करा. त्यानंतरही काही नाही तर कार्ड सैल झालंय, गेलंय किंवा चुकीचं बसवलंय.

चुकीचं बसवलेलं म्हणजे काय, ते एका मुलानं मला शिकवलं. त्याच्या रायझनच्या, म्हणजे एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपमधलं कार्ड गेलं. तो तपकीर गल्लीत जाऊन स्वतः नवीन कार्ड घेऊन आला, स्क्रू काढून बसवलंही नीट. इंटेल एएक्स२११. दुकानात २१० आणि २११ दोन्ही होती, मोठा आकडा तो चांगला म्हणून २११ घेतलं. विंडोजला कार्ड दिसेना. दोन दिवस ड्रायव्हर शोधले. आता गंमत अशी की एएक्स२११ हे पूर्ण वायफाय कार्ड नाहीच. त्याचा अर्धा मेंदू इंटेलच्या प्रोसेसरच्या बाजूला असतो, कार्डावर उरलेला अर्धा. एएक्स२०१ही तसंच. ते ठरावीक इंटेल पिढ्यांच्या लॅपटॉपमध्येच चालतं. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये बसवलं तर खाचेत बसतं, दिसायला छान दिसतं आणि जगातला कुठलाही ड्रायव्हर त्याला उठवू शकत नाही. तिथे एएक्स२१० किंवा एएक्स२०० पाहिजे. दुकानदारानं बदलून दिलं, दहा मिनिटांत चालू. काही जुन्या लॅपटॉपमध्ये आणखी एक आडकाठी असते: बायोसच्या यादीत नसलेलं कार्ड लावलं की मशीन सुरूच होत नाही. जुन्या थिंकपॅडवर तेव्हा १८०२ आकड्याची एरर येते. ती आली तर कार्ड परत करा, हट्ट धरू नका.

रूममेटनं ओलांडलेल्या टप्प्याबद्दल दोन शब्द, पुढे कधी उपयोगी पडतील. विंडोज ११ टाकताना 'नेटवर्कला जोडा' म्हणून अडून बसतं, तेव्हाही यूएसबी टेदरिंग चालतं. नव्या आवृत्तीत त्याच पानावर 'इन्स्टॉल ड्रायव्हर'चं बटणही दिलंय, पेनड्राइव्हवर उलगडलेलं फोल्डर दाखवलं की झालं. शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड टाकायची जुनी पळवाट मायक्रोसॉफ्ट एकेक करून बुजवत आहे, तिच्यावर विसंबू नका. तिथे टचपॅडही मेलेला असू शकतो, त्याचाही ड्रायव्हर वेगळा. वायरचा माउस जवळ ठेवा.

विंडोज ७ वाल्यांसाठी एवढंच: मायक्रोसॉफ्टनं ते १४ जानेवारी २०२० ला सोडून दिलं. त्यावर नवा ड्रायव्हर टाकला आणि कोड ५२ आला तर ड्रायव्हर खराब नाही, जुन्या विंडोजला नव्या पद्धतीची सही वाचता येत नाही. सही ओळखण्याचा अपडेट आधी टाकावा लागतो, केबी४४७४४१९. तोही त्याच कॅटलॉगवर मिळतो.

आता उबंटू, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायचं एक लिनक्स. "त्यात ड्रायव्हर लागत नाहीत" हे अर्धसत्य. लागतात, पण बहुतेक कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात. त्यामुळे प्रश्न कर्नलच्या वयाचा होतो. रियलटेक ८८२१सीईचा ड्रायव्हर लिनक्स कर्नल ५.९ पासून आत आला, ८८५२बीईचा ६.२ पासून. उबंटू २४.०४ मध्ये कर्नल ६.८ आहे, तिथे दोन्ही चालायला हवीत. रूममेटच्या ड्रॉवरमध्ये २२.०४ ची जुनी पेनड्राइव्ह पडली असेल तर तिच्यात ५.१५, तिथे ८८५२बीई अडायची शक्यता दाट. म्हणून टाकायच्या आधी लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे लॅपटॉपवर काही न टाकता पेनड्राइव्हवरूनच, चालवून बघा. तिथे वायफाय दिसलं तरच पुढे.

लिनक्समध्ये ड्रायव्हर असतो पण फर्मवेअर नसतं, असंही होतं. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आत चढवायचा छोटा प्रोग्रॅम. तो मुक्त परवान्याचा नसल्यामुळे डेबियन हे दुसरं लिनक्स वर्षानुवर्षं आपल्या मुख्य डिस्कमध्ये देत नसे आणि लोक बरोबर या प्रश्नात अडकत. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून तो डिस्कमध्ये यायला लागला. कर्नल काय म्हणतोय ते डीमेसेज (लिहायचं dmesg) या कमांडनं दिसतं, त्यात हव्या असलेल्या फाइलीचं पूर्ण नाव लिहिलेलं असतं. त्या नावाची फाइल फोनवर उतरवायची, लिबमधल्या फर्मवेअर फोल्डरात ठेवायची, रीस्टार्ट. विंडोजपेक्षा हे मला प्रामाणिक वाटतं. काय हवंय ते नावानिशी मागतो.

खरा त्रास कर्नलमध्ये नसलेल्या, कोडपासून आपणच बांधून घ्यायच्या ड्रायव्हरचा. त्याला कंपायलर लागतो, कर्नलचे हेडर लागतात, त्यांना आणखी दहा पॅकेज लागतात. पेनड्राइव्हवर एकेक नेऊन हे करू बघणं म्हणजे लग्नाचा किराणा चिमटीनं आणण्यासारखं. एका संध्याकाळी मी हट्टानं केलंय, पुन्हा करणार नाही. टेदरिंग करा, एका कमांडमध्ये सगळं येतं. अपवाद ब्रॉडकॉमचा. २०१३ ते २०१७ च्या मॅकबुक एअरवर उबंटू टाकणाऱ्यांना तो भेटतो. त्याचं पॅकेज उबंटूच्या डिस्कवरच 'पूल' नावाच्या फोल्डरात असतं, रिस्ट्रिक्टेडमध्ये, आणि तो ड्रायव्हर बांधून देणारं सोबतचं डीकेएमएस मेनमध्ये. नेटशिवाय तिथूनच टाकता येतं. सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही चढू न देणारी सोय) चालू असेल तर नंतरच्या रीस्टार्टला निळा पडदा येऊन एमओके, म्हणजे त्या सहीची किल्ली, नोंदवायचं का विचारतो. घाईत 'कंटिन्यू' दाबलं की ड्रायव्हर बसूनही चढत नाही. 'एनरोल' निवडा, मघाशी ठरवलेला पासवर्ड द्या.

सगळं करून थकलात तर यूएसबी वायफाय डोंगल हा सरळ उपाय आहे. पाच-सहाशे रुपयांत मिळतो. बऱ्याच डोंगलमध्ये विंडोजचा ड्रायव्हर आतच असतो. लावल्यावर आधी सीडी ड्राइव्हसारखा दिसतो, त्यातला सेटअप चालवायचा. लिनक्ससाठी घेत असाल तर खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, एकाच नावाखाली आवृत्तीगणिक चिप बदलते. अथेरॉस एआर९२७१ किंवा मीडियाटेक एमटी७६१२यू असं विचारून घ्या. दुकानातला पोरगा चक्रावेल, पण शेठना माहीत असतं.

सातशे रुपयांबद्दल. अर्ध्या तासाच्या कामाचे पैसे घेण्यात गैर काही नाही, मीही घेतो. पण लॅपटॉप न उघडता आकडा सांगणाऱ्यानं तो तुमच्या चेहऱ्याकडे बघून सांगितलेला असतो. "कार्ड कुठलं आहे?" एवढं विचारा आणि उत्तर ऐका.

वायफाय चालू झाल्या झाल्या एक काम त्याच दिवशी करा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि पीएनपीयूटिल ही कमांड स्लॅश एक्सपोर्ट-ड्रायव्हर, मग चांदणी, मग एका आधी बनवलेल्या रिकाम्या फोल्डरचं नाव असं देऊन चालवा. विंडोजसोबत न येता बाहेरून बसलेले सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरात येतात. ते पेनड्राइव्हवर ठेवा आणि पेनड्राइव्ह रूममेटच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

एवढं करूनही पिवळा त्रिकोण हटला नाही तर व्हीईएन-डीईव्हीच्या ओळीचा तो फोटो आणि लॅपटॉप घेऊन दुकानात या. फक्त गुरुवार सोडून. आमच्या गल्लीत त्या दिवशी लाइटचा भरवसा नसतो.